लिंबाखालची माय

नांदखेडे, व्हाया बोदवड
१४ फेब्रुवारी १९८९

गुलाबभाऊ,

बघ, तू सांगितलंस तसं बंद पाकीट आहे, कार्ड नाही. वर ‘जय भीम’ लिहिलेलं नाही. पत्ता शेठजींच्या पेढीचा नाही, तुझ्या त्या सायकलवाल्या मित्राचा आहे. आता तरी शेवटपर्यंत वाचशील ना? मागची दोन पत्रं तू वाचलीस की सायकलवाल्यानं पंक्चरच्या पेटीत टाकली, काही कळलं नाही.

बातमी अशी की आपल्या अंगणातल्या कडुलिंबातून दूध निघतंय.

हसू नकोस. परवा सकाळी धुरपदाबाई हापशीवर पाणी भरायला आली आणि हंडा तिथंच टाकून ओरडत सुटली, “वो बेबे, तुमच्या लिंबाले पान्हा फुटला वो!” मी बालवाडीच्या पोरांची खिचडी सोडून धावले. खरंच, जिथून दोन मोठ्या फांद्या फुटतात तिथून पांढरा फेस येत होता आणि सालीवरून थेंब थेंब खाली ठिबकत होता. मी बोटानं चाखून पाहिलं. गोड लागलं, आणि वास जरा ताडीसारखा आंबूस. मुंग्यांची तर दिवाळीच होती.

आबा बाहेर आले. त्यांनी बोट लावलं, हुंगलं, म्हणाले, “झाड आतून सडलं. दुसरं काई नही.” आणि दाढी करायला बसले. त्यांच्या मते विषय संपला होता.

पण संध्याकाळपर्यंत अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. पाटील गल्लीतल्या बाया, वाण्याची सून, बोदवडहून टांगा करून आलेल्या दोघी, सगळ्या आपल्या दारात. ज्या बाया आपल्या बौद्धवाड्यावरून जाताना पदर आवरून घेतात, त्या आपल्या शेणानं सारवलेल्या अंगणात मांडी घालून बसल्या. कोणीतरी बुंध्याला हिरवा खण गुंडाळला. कोणीतरी नारळ फोडला तो थेट आबांच्या खाटेच्या पायावर. आबांनी वर पाहिलं, खोबऱ्याची कवड उचलून बाजूला ठेवली आणि एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाच मला भीती वाटली. आबा बोलतात तेव्हा ठीक असतं.

तुला तर माहीत आहे हे झाड कोणाचं. आपल्याकडं कडुलिंब कोणी लावत नाही, कावळा लावतो. बांधावर, गावठाणात, स्टेशनच्या मालधक्क्यामागं, जिकडं पाहावं तिकडं कावळ्याचीच लागवड. अख्ख्या तालुक्यात हातानं लावलेला, पाणी घालून वाढवलेला लिंब हाच एक असेल. छप्पन साली आबांनी अंगणातले शेंदराचे देव उपटून नदीत टाकले आणि त्याच खड्ड्यात हे रोप लावलं. रेल्वेत गँगमन असताना ड्यूटीवरून आले की आधी त्याला घागरभर पाणी, मग स्वतः. आपण दोघं त्याच्याच सावलीत वाढलो.

तू ये. एक दिवस ये. आबांचं कोणी ऐकत नाही आणि माझं तर घरातलं मांजरही ऐकत नाही. नवऱ्यामागं माहेरी परत आलेल्या बाईचं किती चालतं ते तुला माहीत आहे. माय तुझं ऐकते. चार वर्षांत तू तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस, तरी ती तुझंच ऐकते.

तुझी बहीण,
बेबा


नांदखेडे
१ मार्च

गुलाबभाऊ,

तुझं उत्तर नाही. असो. रुसायला मला सवड नाही.

आता एस.टी.चा कंडक्टर आपल्या घरासमोर घंटी मारतो आणि “लिंबाई!” म्हणून ओरडतो. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवलं. हायस्कूलचे विज्ञानाचे सर आले होते. त्यांनी झाडाभोवती फिरून मला छान समजावून सांगितलं की हापशीचं सांडपाणी वर्षभर मुळाशी मुरलं, आत रस जास्त झाला, साल फुटली, रस बाहेर आला, हवा लागली की फेस होतो. यात चमत्कार काही नाही. मी म्हटलं, सर, हेच जरा मोठ्यानं सगळ्यांना सांगा. सर म्हणाले, “वेळ आली की सांगू.” आणि जाताना त्यांनीही एक नारळ फोडला. म्हणाले, मंडळींनी दिला होता बरोबर.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मायचं काय करू?

पहिले चार दिवस ती दारातच उभी होती. मग रुपचंद पाटलांची केसरबाई आली. हो, तीच. जिच्या शेतात मायनं उभा जन्म निंदणी केली आणि जिनं प्यायचं पाणी कायम वरून ओतलं. केसरबाईनं लिंबाची पूजा केली, वळली, आणि सगळ्या बायांदेखत वाकून मायच्या पायांना हात लावला. म्हणाली, “रुक्मामाय, देवीनं तुमचं अंगन पसंत केलं. तुमी पुन्यवान.” तिनं लावला म्हणून मागच्या सगळ्यांनी लावला.

त्या दिवशी संध्याकाळी माय अंगाच्या साबणानं पाय घासत बसली होती. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, “लोकं हात लावतात वो. चिखलाचे पाय बरे दिसत नहीत.” भाऊ, मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. चाळीस वर्षं ज्या पायांवर कोणी नजर टाकली नाही, ते पाय ती दगडानं घासत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती लिंबाखाली बसायला लागली. समोर ताट, ताटात लिंबाचा पाला. येणाऱ्याला एक डहाळी देते आणि डोक्यावर हात ठेवते. बास, एवढंच. मंत्र नाही, अंगात येणं नाही. मी म्हटलं, माय, आपण देव मानतो का? ती म्हणाली, “मी कोठी मानते? मी तं नुसती बसते.”

आबांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वळकटी बांधली. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून काखेत घेतला. दारातून मला म्हणाले, “त्या खड्ड्यातले देव मी उपटले. माह्या घरचीनंच ते पुन्हा बसवले. ती लिंबाखालून उठली की मी घरी आलो, सांग तिले. तेच्याआधी नही.” आणि समोरच्या विहारात राहायला गेले. तीन वेळा मी डबा नेते. ते ताट पुसून परत देतात, पण घरात काय चाललंय ते विचारत नाहीत.

सगळं एवढ्यावर येऊन अडलंय बघ. ती उठली की ते येणार. आणि ती उठत नाही. माझ्या सांगण्यानं उठणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तू सांगितलंस तर उठेल. रविवारी सकाळच्या गाडीनं निघालास तर दुपारी इथं आहेस.

बेबा


नांदखेडे
२० मार्च

गुलाबभाऊ,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. मार्च एंडिंग आहे, रजा नाही, मायला सांभाळ, आणि ‘माझं नाव कुठं येईल असं काही करू नका’. शेवटची ओळ तू जरा ठळक लिहिली आहेस. पेन नवीन दिसतंय.

तुझं नाव कुठं येणार रे? आपलं आडनावच असं आहे की ते कोणत्याही पंगतीत खपतं. सोनवणे म्हटल्यावर शेठजींनी तुला काय समजायचं ते समजून घेतलं, बंगल्यामागची खोली दिली, आपल्या चुलीवरचं जेवण दिलं. तू खोटं काहीच बोलला नाहीस. समोरच्याला चुकू दिलंस, एवढंच. मी तुला नावं ठेवत नाही. धुळ्याला खोल्या शोधताना तुला काय काय ऐकावं लागलं ते मला माहीत आहे. आबांना ते कधी पटलं नाही. “लपून राहाचं असीन तं इकडं तोंड दाखवू नको” असं ते बोलून गेले आणि तूही तो शब्द फारच मनावर घेतलास. चार वर्षं! माणूस तुरुंगात गेला तरी एखादा दिवस सुटून येतो.

इथं आता समिती झाली आहे. रुपचंद पाटील अध्यक्ष. लिंबाभोवती सिमेंटचा ओटा बांधून झाला, वर गुळगुळीत फरशी. बांधताना मुळं आड आली ती कुऱ्हाडीनं तोडली. मी म्हटलं, अहो, ज्याच्या पाया पडता त्याचेच पाय तोडता? तर रुपचंदभाऊ हसून म्हणाले, “बेबाबाई, तुम्ही बालवाडी सांभाळा.” जागा आपली, झाड आपलं, आणि मी बालवाडी सांभाळायची. ग्रामसेवकाकडं गेले तर ते म्हणाले, लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे. विहारातल्या मंडळींकडं गेले तर ते म्हणाले, आधी तुमच्या आईला खाली उतरवा, मग आम्ही येतो. त्यांचंही चूक नाही.

पुजारी आणायचं समितीत ठरत होतं, पण बायांनी ऐकलं नाही. डहाळी रुक्मामायच्याच हातची पाहिजे म्हणतात. माय हे मला सांगताना लहान मुलीसारखी हसली.

आबांना खोकला झाला आहे. विहाराची फरशी गार असते.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मायच्या नावानं एक चिठ्ठी तरी पाठव. ‘माय, ऊठ’ एवढंच लिही. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवेन. दोन शब्दांना मार्च एंडिंग आड येत नाही.

बेबा


नांदखेडे
१५ एप्रिल

गुलाबभाऊ,

मंगळवारचं लिहायला आज बसले आहे. मधले दिवस हात उचलत नव्हता.

पांढरी गाडी थांबली तेव्हा मी फाटकाशी चपलांची व्यवस्था पाहत होते. गर्दी इतकी असते की कोणीतरी पाहावंच लागतं. आधी शेठाणी उतरल्या, मग डोक्यावरून पदर घेतलेली त्यांची सून, आणि मग नारळाची पिशवी घेऊन तू. मला वाटलं, आला! माझी पत्रं पोचली, आला माझा भाऊ. मी पुढे सरकले.

आणि तू मला म्हणालास, “चपला कुठं काढायच्या, बाई?”

बाई म्हणालास मला. एका ताटात जेवलो आपण. तुला कितीदा मनात शिव्या दिल्या, तू समोर आलास की काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. आणि तोंडातून निघालं काय, तर “तिथंच काढा.” मीही तुला अहोजाहो केलं. तू चपला काढल्यास, नीट जोडून ठेवल्यास, आणि रांगेत जाऊन उभा राहिलास.

मी रांगेच्या कडेनं ओट्यापर्यंत गेले. मायनं तुला कधीच पाहिलं होतं. गाडीतून तुझा पाय खाली टेकला तेव्हाच तिच्या हातातलं ताट कललं आणि पाला सांडला. तरी ती एकेकाला डहाळी देत राहिली, डोक्यावर हात ठेवत राहिली. नजर मात्र खाली.

शेठाणी पुढे आल्या. बाई चांगल्या आहेत रे, मला वाईट म्हणता येणार नाही. त्यांनी सुनेला पुढे केलं, लाडकुंवरला मूल व्हावं म्हणून नवस बोलल्या, नातू झाला की फेडायला येईन म्हणाल्या. मग मागे वळून त्यांनी तुझा हात धरला आणि तुला पुढे ओढलं.

“माजी, ये हमारे मुनीमजी. बहोत गुणी पोरगा आहे. याला आई-बाप कोणी नाही हो. याच्या पण डोक्यावर हात ठेवा.”

मी तिथंच उभी होते. मी ऐकलं. रांगेतल्या बायांनी ‘अरेरे’ केलं तेही ऐकलं. आबा तिथून शंभर पावलांवर, विहाराच्या पायरीवर ऊन खात बसले होते. आई-बाप कोणी नाही. हे मात्र तू समोरच्याला नुसतं चुकू दिलं नसणार. हे तुला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं असणार. कोणत्या दिवशी सांगितलंस रे? त्या दिवशी तुला जेवण गेलं का?

मायनं हात ठेवला तुझ्या डोक्यावर. विचारलं, “नाव काय बाबा तुह्यं?”

तू म्हणालास, “गुलाब.”

“चांगलं हाये. कोनं ठेवलं?”

शेठाणीच म्हणाल्या, “आईनंच ठेवलं असेल बिचारीनं.” माय म्हणाली, “हो. तिनंच ठेवलं असीन.” आणि हात तसाच. मागून लोक पुढं सरका, पुढं सरका म्हणत होते. तिनं हात काढलाच नाही. शेवटी तूच वाकलास, दोन्ही हातांनी तिचे पाय धरलेस, आणि उठताना म्हणालास, “येतो, माय.”

शेठाणींना त्यात काही वाटलं नाही. इथं सगळेच तिला माय म्हणतात. म्हणून तर तुलाही म्हणता आलं.

गाडी गेली. मला वाटलं माय आता कोसळेल. मी पाणी घेऊन गेले. तर ती म्हणाली, “शर्ट चांगला व्हता ना वो त्याचा? पन पोरगा वाळला.” आणि पुढच्या बाईला डहाळी दिली. रडले मीच, बालवाडीच्या खोलीत जाऊन, पोरांच्या पाट्यांच्या ढिगाआड.

आबांना मी सांगितलेलं नाही. सांगूही शकणार नाही.

काल जयंती होती. मिरवणूक आपल्या दारावरून गेली. दर वर्षी माय पांढरं लुगडं नेसून पुढे असते. काल ती ओट्यावर होती. आबा झेंडा घेऊन चालले होते. घरासमोर आल्यावर त्यांची चाल मंदावली, त्यांनी ओट्याकडं पाहिलं. मायनं उठून उभं राहून हात जोडले. पण उतरली नाही. मिरवणूक पुढे गेली.

मी तुला यापुढे ‘ये’ म्हणून लिहिणार नाही.

बेबा


नांदखेडे
१७ मे

गुलाबभाऊ,

कळवायचं म्हणून कळवते. दूध बंद झालं.

हापशी आटली आणि आठवड्याभरात झाडही आटलं. विज्ञानाच्या सरांची ती वेळ आता आली, पारावर बसून सगळ्यांना सांगतात की मी आधीच म्हटलं होतं. सिमेंटच्या ओट्यानं बुंधा आवळला आहे. चैत्रातली पालवी फुटली ती पिवळी पडून गळते आहे. भर मे महिन्यात लिंबाखाली ऊन पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कंडक्टर आता घंटी मारत नाही. समितीनं दानाची पेटी उचलून नेली. रुपचंदभाऊ जाताना चारचौघांत बोलून गेले, “देवी कशी राहीन? हात कोनाचा लागत व्हता, पाहा ना.” केसरबाई परवा दारावरून गेली. तिनं मला ओळख दिली. मायकडं पाहिलं नाही.

मला वाटलं, चला, सुटलो. वाईट झालं, पण सुटलो. आता माय उठेल, आबा येतील. मी घर सारवून घेतलं. आबांची खाट उन्हात टाकली, झटकली. मायला म्हटलं, चल, घरात चल.

ती म्हणाली, “नही.”

“आता कोन येतं माय? कोनासाठी बसते?”

तिनं मांडीवरचा पिवळा पाला झटकला. मग म्हणाली, “मी उठली तं तो कोठी येईन?”

भाऊ, मला आधी कळलंच नाही ती कोणाबद्दल बोलते.

“इथी बसली तं मी त्याची माय हाये,” ती म्हणाली. “सगळ्यायदेखत म्हनला तो मले. त्याच्या शेठानीदेखत म्हनला. घरात जाऊन बसली तं मी त्याची कोन? घरात तो येऊ शकत नही. इथी येऊ शकते.”

मी म्हटलं, आबांना रोज ताप येतो. बोदवडचे डॉक्टर म्हणाले जळगावला दाखवा. ते म्हणतात ती उठल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुला नवरा नको का? तर म्हणाली, “ते तं रोज दिसतात मले. वट्ट्यावरून विहार दिसतो. इथून धुळं दिसत नही.”

मग मी चिडले. खूप बोलले. म्हटलं, ज्या पोरानं आई मेली म्हणून सांगितलं त्याच्यासाठी तू जित्या माणसाला उन्हातान्हात मारते का? तिला राग आला नाही. म्हणाली, “त्यानं मेली म्हनून सांगतलं, तरी पाया पडाले आला ना. नही येता तं कोन विचारत व्हतं?”

यावर उत्तर तू दे. तू शिकलेला आहेस.

विहारात जाते तर आबा विचारतात, “उठली का?” आता फक्त एवढंच विचारतात. घरी येते तर माय विचारते, “पत्र आलं का?” दोघांना मी एकच शब्द सांगते, नाही. मी दिवसभर रस्ता ओलांडते, इकडचा डबा तिकडं, तिकडचं भांडं इकडं. दोघंही मला म्हणतात, तूच समजावून सांग त्यांना, तिला. मला कोणी समजावून सांगत नाही.

काल माय म्हणाली, शेठाणीबाईला पत्र लिही, दूध चालू हाये म्हणून. मी नाही म्हटलं. म्हटलं, आबांची लेक आहे मी, असलं खोटं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.

बेबा


॥ लिंबाई प्रसन्न ॥

नांदखेडे, व्हाया बोदवड
५ जून १९८९

सौभाग्यवती शेठाणी चंद्रकांताबाई यांस, नांदखेड्याच्या देवीच्या सेवेकऱ्यांचा सप्रेम नमस्कार. विशेष विनंती अशी.

देवीचं दूध चालू आहे. उन्हाळ्यात मध्यंतरी थोडं कमी झालं होतं, असं कोणी आपल्या कानावर घातलं असेल तर मनावर घेऊ नये. आपण सूनबाईंसाठी बोललेला नवस देवीच्या ध्यानात आहे. तो पुरा झाल्यावरच यावं असं काही नाही. या देवीला आधी आलेलंही चालतं. लवकर आलेलं जास्त चालतं.

चैत्रात आपल्याबरोबर जे मुनीमजी आले होते त्यांना अवश्य घेऊन यावं. त्यांना आई नाही असं आपण म्हणाला होतात. अशा मुलांवर देवीचं विशेष लक्ष असतं. देवीजवळच्या बाईंनी त्यांची दोन-तीनदा आठवण काढली. ते कामाचं निमित्त सांगतील, रजा नाही म्हणतील, तरी आपण ऐकू नये. आपलं ते ऐकतील. आपल्याला मराठी वाचायची अडचण असेल तर हे पत्र त्यांच्याकडूनच वाचून घ्यावं.

येताना पूजेचं काही आणू नये. नारळही नको. बाई आता वयस्कर झाल्या, ओट्यावरून खाली उतरत नाहीत. आलेल्या गाड्या दिसाव्यात म्हणून रस्त्याकडं तोंड करून बसतात.

गावात एका वृद्ध गृहस्थांची प्रकृती फार बिघडली आहे. त्यांना जळगावला न्यायचं आहे, पण त्यांचा हट्ट आहे. आपली गाडी आली तर तीही सोय होईल. त्यांचा आपला काही संबंध नाही, तरी माणुसकी म्हणून विचारते.

शक्य तर याच आठवड्यात यावं. आता पूर्वीसारखी रांग नसते. दर्शन लगेच होईल.

आपली,
देवीची सेवेकरी